दुसरा टप्पा

"तो दिवा जरा बाजूला घ्या, नकाशावर चमकतोय," साहेब म्हणाले, आणि शाळेच्या सभागृहातली कुजबुज थांबली.

भिंतीवर नव्या ट्रामचा नकाशा लावला होता. स्टेशनपासून निघालेली लाल रेघ बाजारातून, जुन्या पुलाखालून सरळ टेकडीकडे येत होती आणि ऐन पायथ्याशी मान मुरडून उजवीकडे, नव्या काचेच्या इमारतींकडे वळत होती. नकाशाशेजारी हातात काठी धरून ती उभी होती. रेघ तिनेच आखली होती, पण वळण तिचं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत तिचे वडील बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट बसवलेले केस, आणि आजूबाजूला टेकडीवरच्या वस्तीतली निम्मी माणसं. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि नकाशाकडे पाहत राहिले.

एके काळी बाबा याच रस्त्यावर ट्राम चालवायचे. ती शाळेत होती तेव्हा मोटारींना अडथळा होतो म्हणून शहराने ट्राम बंद केली आणि बाबांना बसवर घातलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बस चालवली, पण बसबद्दल कधी बरा शब्द काढला नाही. "बसचं काय, आज इकडून, उद्या तिकडून. ट्राम एकदा जाते म्हणाली की जाते." पण त्यांची ट्रामसुद्धा टेकडीवर कधी गेली नव्हती. पायथ्याशीच संपायची. ड्यूटी संपली की बाबा बाकीच्या वस्तीसारखेच चढ चढून घरी यायचे.

पुढे मोटारींनीच मोटारींची वाट अडवली, तेव्हा शहराला ट्रामची आठवण झाली. वरातीमागून घोडं. रस्ता खणला तर डांबराखाली जुने रूळ जसेच्या तसे निघाले. उपटण्याचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. ती त्या खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभी राहिली होती आणि संतापाने तिला हसू आलं होतं.

ऑफिसात तिला सगळे रूळबाई म्हणत. साहेबांचं नाव टप्पेसाहेब, कारण जे करायचं नसेल ते ते दुसऱ्या टप्प्यात टाकत. तिने रेघ टेकडीवर नेली होती. चढ मोजला होता, दवाखान्यासमोर थांबा धरला होता, वळणावर गाडी सुखाने फिरेल याची खात्री करून घेतली होती. एका दुपारी साहेबांनी पेन्सिलीने तो तुकडा खोडला.

"वस्ती दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

"साहेब, रोज कामाला उतरणारी माणसं वस्तीतली आहेत. काचेच्या इमारतीतले लोक मोटारीने येतात."

"म्हणूनच त्यांना ट्राममध्ये आणायचंय ना," साहेब शांतपणे म्हणाले.

ती भांडली, पुन्हा आकडे मांडले, वरपर्यंत गेली. पालथ्या घड्यावर पाणी. आणि तिकडे बाबा वस्तीभर सांगत फिरत होते, "पोरगी आखतेय. दवाखान्यासमोर थांबा आहे, म्हाताऱ्यांची सोय झाली." ती घरी गेली की शेजारीण विचारायची, "आमच्या कोपऱ्यावरून जाईल ना गं?" ती "बघू" म्हणायची. उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता बाबांना खरं सांगायचं राहून गेलं होतं.

साहेबांचं भाषण संपलं. प्रश्न कुणाचे, असं विचारताच बाबा उठले. माइक हातात घेऊन त्यांनी आधी घसा साफ केला.

"मॅडम," ते म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी तिला अशी हाक मारली नव्हती.

"मॅडम, ही रेघ पायथ्याशी वळलीय. वर कधी येणार?"

साहेब तिच्याकडे झुकून पुटपुटले, "दुसरा टप्पा, विचाराधीन. एवढंच."

"दुसऱ्या टप्प्यात," ती म्हणाली.

"आमच्या वेळीही दुसरा टप्पाच होता," बाबा म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. "तेव्हा सांगायचे, चढ फार आहे. आताही चढच आडवा आला का?"

उत्तर तयार होतं. 'तांत्रिक अडचणी' हे शब्द साहेबांनी कालच सगळ्यांकडून घोकून घेतले होते. तिने काठी टेबलावर ठेवली.

"नाही. चढ अडचणीचा नाही," ती म्हणाली. "गाडी वर जाऊ शकते. मी मार्ग वरपर्यंत आखला होता, तो काढून टाकला. दुसऱ्या टप्प्याला तारीख नाही, मंजुरी नाही. त्याचा नकाशाही नाही. तुम्ही त्याच्यावर विसंबून राहू नका."

साहेबांनी माइकवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. सभागृहात एकच गलका झाला.

बाहेर पायरीवर बाबा तिची वाट पाहत होते. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं असेल, तर ते चुकलं.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"बरेच महिने."

"आणि मी गावभर दवंडी पिटत होतो." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तिला जास्त लागलं. "आज खरं बोललीस, बरं केलंस. पण त्यानं ट्राम येते का वर?"

"नाही."

"मग झालं तर."

वस्तीने मोर्चा काढला, निवेदन दिलं, वर्तमानपत्रात फोटोही आला. रेघ बोटभरही हलली नाही. तिची मात्र बदली झाली. बसथांब्यांवरच्या छपरांचं काम तिच्याकडे आलं, आणि ते काम ती दात-ओठ खात, पण नीट करत राहिली. बाबा तिच्याशी कामापुरतं बोलत. शेजारणीने विचारणं सोडलं, ते तिला जास्त बोचलं.

ट्राम सुरू झाली त्या दिवशी तिला आमंत्रण नव्हतं. समारंभ आटोपून गर्दी ओसरली तेव्हा ती स्टेशनवर गेली, तर तिकिटाच्या रांगेत बाबा उभे.

"तुम्ही येणार नव्हता ना?"

"ट्रामशी माझं कुठे भांडण आहे?" ते म्हणाले, आणि तिचंही तिकीट काढलं.

गाडी छान चालली. बाजारातून, पुलाखालून, गचका न बसता. बाबा खिडकीशी बसून रस्ता पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. पायथ्याचा थांबा आला आणि जवळजवळ सगळी गाडी तिथेच रिकामी झाली. कामावरून परतणाऱ्या बाया, पिशव्या, काखेतली पोरं. रिकामी ट्राम दिवे लावून काचेच्या इमारतींकडे वळली.

माणसं चढाला लागली. ती आणि बाबाही लागले. वाटेत कुणीतरी बाबांना नमस्कार केला, बाबांनी मान हलवली. दवाखान्याच्या अलीकडे, जिथे चढ सर्वांत उभा आहे, तिथे ते थांबले. एक हात भिंतीवर टेकला. बोलण्याइतका श्वास जमायला त्यांना वेळ लागला.

"दमलीस का गं?"

"हो," ती म्हणाली. "थोडं थांबू या."

दोघं भिंतीला टेकून उभी राहिली, आणि खालून येणारी माणसं त्यांना वळसा घालून वर जात राहिली.