चिठ्ठी जागच्या जागी

कारखान्यात हत्यारांचं कपाट सांभाळणाऱ्या काकांचा एकच मंत्र होता: घेतलेली वस्तू जागच्या जागी. कुणी कानस टेबलावर विसरला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती. चार दिवसांची रजा एकालाच मिळणार आणि मागणारे पाच. काकांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. "बाबा, तुम्ही हवेतच," म्हणून ती फोनवर रडली होती. साहेबांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पाच चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर फुली.

"मी शेवटी काढणार," काका म्हणाले. "साधा हिशेब आहे. पहिल्याला पाचात एक, मग चारात एक, तिनात, दोनात. शेवटच्याला तर नक्कीच!" फुली आधीच कुणी उचलली तर काय, हा भाग त्यांनी सोयीस्करपणे गिळला होता.

लेथवाला, कोरी. ड्रिलवाला, कोरी. फिटर, कोरी. वेल्डरबाई, कोरी. काकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी ऐटीत हात घालून चिठ्ठी उघडली. कोरी!

डबा पालथा केला, तर आणखी चार चिठ्ठ्या पडल्या.

"परत कुठल्या गाढवांनी टाकल्या?"

"तुम्हीच सांगता ना, जागच्या जागी," चौघं एका सुरात म्हणाले.

काकांचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी नव्या चिठ्ठ्या केल्या आणि काढलेली खिशात ठेवायला बजावलं. पुन्हा तीन कोऱ्या निघाल्या. वेल्डरबाईंना आजारी आईकडे जायचं होतं. त्यांनी चिठ्ठी उघडली, "देवा, दोनात एक" असं पुटपुटणाऱ्या काकांकडे पाहिलं, आणि चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली.

"अहो बाई, पुन्हा?"

"सवय हो, काका! कोरीच होती माझी." त्यांनी डब्यातली दुसरी चिठ्ठी उचलून खिशात कोंबली.

उरलेली काकांची. फुली! काका चक्क नाचले. "बघितलंत? म्हटलं नव्हतं, शेवटच्याला नक्की?"

मग त्यांना फुलीशेजारी काजळीचा ठसठशीत अंगठा दिसला. काका नाचायचे थांबले. वेल्डरबाईंनी घाईघाईने हात पाठीमागे नेले.

काकांना भरून आलं, पण ते नेहमीसारखेच खेकसले. "साहेब, ही चिठ्ठी मी दोन दिवस वापरतो आणि परत ठेवतो. पुढचे दोन दिवस बाई वापरतील. घेतलेली वस्तू जागच्या जागी!"