चार सैल भोकं

केल्लोन बंदराच्या धक्क्यावरच्या निम्म्या होड्यांचे रेडिओ ओतिलियाच्या हातचे. सर्किटचे बोर्डसुद्धा ती घरीच बनवायची. तांबं चढवलेल्या पाटीवर रेघा आखायची, नको ते तांबं आम्लात विरवायची, आणि शेवटी कोपऱ्यांत स्क्रूसाठी चार भोकं पाडायची. बापाशी भांडण व्हायचं ते या चार भोकांवरून.

बाप, नोलास्को, भोक स्क्रूच्या दुप्पट पाडायचा आणि फटीत सायकलच्या ट्यूबमधून बोथट कात्रीनं कापलेला रबरी वायसर बसवायचा. लाट आपटली की बोर्डाला हलायला जागा नको का, म्हणायचा. ओतिलियाला तो गबाळेपणा वाटे. स्क्रू जेवढा, भोक तेवढंच, ही तिची ऐट. म्हातारा शेवटी अबोला धरूनच गेला. तिनं त्याचं गिरमिट आणि वायसरची डबी शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवली. म्हणाली, करा तिकडे हवं तेवढं सैल!

महिनाही झाला नसेल, टेबलावरचे बोर्ड सकाळी बिघडलेले दिसू लागले. चारही भोकं दुप्पट, बाजूला तांब्याचा भुगा, खोलीत म्हाताऱ्याच्या तंबाखूचा वास. ती आधी घाबरली, मग तिला राग आला. नवऱ्याला, रेनानला, धारेवर धरलं. त्या बिचाऱ्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, तो काय भोकं पाडणार? जिवंतपणी तुमचं ऐकलं नाही, मेल्यावर ऐकते का, असं ती बापाच्या रिकाम्या खुर्चीला बजावू लागली.

रेनान मासेमारीला कोर्कोवादोच्या आखातात निघाला, तेव्हा त्याचा बोर्ड तिनं टेबलावर ठेवलाच नाही. स्क्रूएवढीच भोकं पाडली, बोर्ड खिशात घातला, होडीवर जाऊन स्क्रू घट्ट आवळले आणि झाकण डांबरानं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि समुद्र खवळला. ओतिलिया घरच्या रेडिओला कान लावून बसली, चहाचं भांडं हातात तसंच गार झालं. रेनानसोबत त्याचा मित्र एवारिस्तोची होडी होती, तिच्यातही ओतिलियाचाच, घट्ट भोकांचा जुना बोर्ड. एवारिस्तोचा आवाज बोलता बोलता मध्येच तुटला. आता रेनानचीही पाळी, या धास्तीनं तिनं रेडिओचा आवाज वाढवला.

पण रेनान बोलतच राहिला. नौदलाला दोन्ही होड्यांची जागा सांगत राहिला. त्याच्या आवाजाच्या मागावर मदत पोचली आणि दोन्ही होड्या दोराला बांधून घरी आल्या.

एवारिस्तोचा बोर्ड आवळलेल्या स्क्रूपाशी दुभंगला होता. ओतिलिया धावत रेनानच्या होडीवर गेली. डांबर जसंच्या तसं होतं. तिनं ते खरवडून झाकण उघडलं. आत चारही भोकं दुप्पट होती, आणि प्रत्येकात काळा वायसर, म्हाताऱ्याच्या बोथट कात्रीनं वेडावाकडा कापलेला.

बाप गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथेच बसून हमसून हमसून रडली. "बाबा, झोपा आता," म्हणाली, "मी सैल ठेवीन."

तिनं धक्क्यावरचा एकूण एक रेडिओ उघडून भोकं वाढवली. टेबलावर आता तिच्याच हातचा भुगा पडे. तंबाखूचा वास गेला.

एकदा तिनं एका बोर्डाची भोकं मुद्दाम घट्ट पाडली, बोर्ड टेबलावर ठेवला आणि निजायला गेली. सकाळी भोकं तशीच घट्ट होती. तिनं बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग स्वतःच ती मोठी केली.