वृषालीचा आवाज

वृषालीची पहिली जाहिरात टीव्हीवर लागणार म्हणून तेलुगू मुलखातल्या मावला या गावी तिच्या वडिलांनी, चंपतरावांनी, शेजारच्या चार बायांना बोलावून आणलं होतं. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेला माणूस, पण त्या संध्याकाळी सगळ्यांना चहा द्यायला स्वतः उठला. वृषालीही मुद्दाम हैदराबादेहून आली होती आणि आई सखूबाईजवळ बसली होती.

मालिका थांबली आणि जाहिरात सुरू झाली. नऊवारीतली एक बाई मोबाइल उलटा धरून त्यात फुंकर मारत होती. "अवं बया! ह्या डब्यात मानूस कसा घुसला वं?" आवाज वृषालीचा. मग शहरातली मुलगी हसत हसत तिला नवा फोन दाखवते.

खोलीत कुणी हसलं नाही. ताराबाईच्या हातात फोन होता. नांदेडच्या नातीशी व्हिडिओवर बोलता बोलताच ती आली होती. तिनं तो हळूच पदराखाली घेतला.

"आमी असे बोलतो काय व, वृषाली?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

स्टुडिओत संवादाचा कागद हातात आला तेव्हाच वृषालीला हे बोलणं खटकलं होतं. "आमच्याकडं असं नाही बोलत," एवढं ती म्हणालीही होती. "खेड्यातल्या बायांना हेच आवडतं, मॅडम. आणखी थोडं गावठी करा," असं लिहिणारा म्हणाला, आणि तिनं केलं. पहिलंच काम होतं.

"आवाज पोरीचा हाय, बोलणं त्यायचं," चंपतराव म्हणाले. त्यांनी बाजू सावरली खरी, पण बाया अर्धा चहा ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं हैदराबादेत स्टुडिओला फोन लावून ते बोलणं बदलायला सांगितलं. "बदलायचं कशाला? गावाकडं तर जोरात चालतेय," असं उत्तर मिळालं. पुढच्या जाहिरातीला तिनं नकार दिला. तिच्यात तसलंच बोलणं दुसऱ्या मुलीनं केलं. पहिली मात्र दिवाळीपर्यंत रोज लागत राहिली.

मावल्याहून रविवारी आईचा फोन यायचा. सखूबाईचं बोलणं नेहमी मोठ्यानं, मधेच तेलुगूचा शब्द टाकून, 'जेवली का व, काय करून राह्यली' असं. दिवाळीच्या सुमारास एका रविवारी मात्र ती थांबत थांबत म्हणाली, "वृषाली, तू जेवलीस का? तुझी प्रकृती बरी आहे ना?"

"माय, अशी काऊन बोलून राह्यली?"

"मी नीटच बोलते आहे," सखूबाई म्हणाली.

वृषालीनं खूप समजावलं. आपल्याच बोलीत बोलली, हसवून पाहिलं. सखूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एक एक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "बरं आहे. मी आता फोन ठेवते."