ऊन न दाखवलेली बी

मोर्शीच्या घरी गच्चीवर भगवंतरावांनी जंबेरी लिंबाची बी ताडपत्रीवर पसरली होती. दामिनीने दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन, भर दुपारी, सगळ्यांसमोर ती गोळा केली. सासऱ्यांना विचारलं नाही. ताडपत्रीची टोकं धरून सगळं जिन्यातल्या सावलीत ओढत आणलं.

घरची रोपवाटिका संत्र्याच्या कलमांची. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं, मग त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. बी दरवर्षी विहिरीजवळच्या एकाच झाडाची. डिंक्या रोगाने आजूबाजूची झाडं खाल्ली, त्याला कधी हात लावला नाही. नोव्हेंबरात विहिरीची कडा खचली आणि ते झाड मुळासकट आत गेलं. हाती लागली ती शेवटची फळं. एरवी बी काढली की राख चोळून, सावलीत जरा फडफडीत करून लगेच वाफ्यात जायची. यंदा वाफ्यांतली रोपं मर रोग लागून बसली होती. माती बदलेपर्यंत फेब्रुवारी उजाडणार होता. तोवर बी ठेवायची कशी, हा प्रश्न भगवंतरावांपुढे पहिल्यांदाच आला आणि त्यांनी त्याला तुरीचं उत्तर दिलं. दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळवायची.

"तुरीची बी वाळली की झोपते, मामाजी," दामिनी म्हणाली. "हे वाळली की मरते."

"तीस वर्सं झाली, बी पेरून राहिलो मी."

"पेरली तुमी. ठेवली कधी?"

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. सासूबाईंना हसू आलं की धसका बसला, ते दामिनीला कळलं नाही.

ती बी घेऊन शहरात, राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आली. धुतली, वरचं पाणी निथळू दिलं आणि ओलसर असतानाच पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. बर्फापासून लांब, कारण गोठली तरी ती मरणारच. शेतकी कॉलेजात शिकवलं होतं, अशा बीला बुरशीचं औषध चोळावं. पण वरच्याच कप्प्यात लेकीचं दूध होतं. औषधाची पुडी तिने घरात येऊच दिली नाही. त्यापेक्षा लेक झोपली की दिवसाआड सगळी बी परातीत ओतायची, पांढरं धरलेली वेचून फेकायची, पिशवीत हवा खेळवून परत बांधायची. लेकीचं कपाळ चाचपून झालं की हात फ्रिजकडे जायचा. वीज गेली की जीव टांगणीला.

मोर्शीहून फोन यायचे. भगवंतरावांची सून बीले थंडीत निजवून राहिली म्हणून लोक हसतात, असं गोदाबाई सांगायच्या. नवरा किशोर शिकवणीच्या वर्गात गणित शिकवायचा. त्याने मधला मार्ग सुचवला, अर्धी बी बाबांना वाळवायला देऊन टाक. दामिनीने विचारलं, अर्धी कोणती मारायची, ते तू निवडतोस का?

जानेवारी सरताना भगवंतराव न कळवता आले. माती तयार होती. बी नेतो म्हणाले, आठ दिवस ऊन दाखवतो आणि मग टाकतो. ओली बी मातीत सडते. त्यांनी फ्रिजच्या मुठीला हात घातला. दामिनी मध्ये उभी राहिली. सासऱ्यांच्या इतकं जवळ ती लग्नात पाया पडतानाच आली असेल.

"बी तुमचीच आहे," ती म्हणाली. "वाळवाले नाही देनार. मी येते मोर्शीले, माझ्या हातानं टाकते. नाही उगवली तर चार मानसांत माझं नाव घेऊन सांगा, हिनं घालवली म्हणून."

"सांगीनच मी."

"सांगा न. मी तिथंच उभी राहीन."

ती खरंच गेली. एका हातात पिशवी, कडेवर लेक. बोटाच्या पेराएवढ्या खोल ओळी काढल्या, बी टाकली, चाळलेली माती लोटली. मग अठरा दिवस वाफा तसाच काळा. शेजारपाजारचे येऊन बघून जायचे, तिच्याशी लेकीच्या दातांबद्दल बोलायचे. एकोणिसाव्या सकाळी मातीला भेगा पडल्या आणि खाली वाकलेली, पांढरट-हिरवी टोकं वर आली. कुठे एकाच बीतून दोन-दोन. कडेच्या काही ओळी मात्र मोकळ्याच राहिल्या.

आठवड्याने एका संध्याकाळी भगवंतरावांनी वाफ्याला फेरी मारली. वाकून एक रोप न्याहाळलं, सरळ झाले.

"अर्दीच आली."

"वाळवून किती आली असती, मामाजी?"

मावळतीकडून ऊन तिरपं वाफ्यात शिरत होतं. भगवंतराव त्या बाजूला गेले आणि गुंडाळून ठेवलेली सावलीची हिरवी जाळी सोडून खालपर्यंत ताणून बांधू लागले.