पेशंटची जागा

आमच्या ठमीला बालवाडीत कुणी खेळायलाच घेत नव्हतं. माझी भाची ती, भावाची एकुलती एक, चार वर्षांची. वहिनीने तिच्याकडून घोकून घेतलं होतं, "मी खेळू का?" असं गोड विचारायचं. पोर बिचारी रोज विचारायची आणि रोज "नाही" ऐकून तोंड एवढंसं करून घरी यायची. माझा नुसता जीव तुटायचा.

मी तापट, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एक दिवस तिला आणायला लवकर गेले आणि त्या कारट्यांना दमच भरला, "हिला घेतलं नाहीत तर गाठ माझ्याशी आहे!" घेतलं की लगेच. एक टवळी म्हणाली, "तू खांब." माझं सोनं हात अंगाला चिकटवून सुट्टी संपेपर्यंत उभं राहिलं आणि बाकीची तिच्याभोवती शिवाशिवी खेळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या धाकाने घेतलं, म्हणून खांब केलं. आणि विचारलं की मुलं नाहीच म्हणतात. तिला आधी नुसतं बघू दे. खेळात काय कमी आहे ते दिसलं, की तेच होऊन आत शिरायचं."

"एवढ्याशा पोरीला हे कळणार? काहीतरीच तुमचं!" मी फणकारले.

पण बाई तिच्याशेजारी खाली बसून राहिल्या, बघत. मुलं दवाखाना मांडायची. सगळेच डॉक्टर! हातात इंजेक्शनं, पण टोचायचं कुणाला? शेवटी काल ठमी काही न विचारता सतरंजीवर जाऊन आडवी झाली आणि कण्हायला लागली. सगळे डॉक्टर धावले, "माझी पेशंट! माझी पेशंट!" घरी आल्यावर कुठे कुठे टोचलं ते दाखवत होती नुसती. वहिनी हसता हसता रडली.

आणि आज सकाळी पोर तापाने फणफणलेली. वहिनी म्हणाली, आज शाळा नाही. तर हिने दप्तर छातीशी धरून दारातच बसकण मारली. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"आत्या, मी आजारी नाहीये गं," ती रडत म्हणाली. "मी नाही गेले तर ते दुसऱ्याला पेशंट करतील. मग मी परत खांब."