रिंगखालचा वाळूचा कण

भाऊजींचा नियम साधा होता. पाण्याखालचा दिवा ज्यानं सील केला, त्यानं स्वतः पाण्यात उतरायचं आणि मगच बटण दाबायला सांगायचं. "गिऱ्हाइकाला कागदावर गॅरंटी कशाला? मी आहे की, ओला," असं ते म्हणत. ताईला हा नियम माहीत नव्हता. तिला वाटायचं, नवरा दिवसभर बल्ब बदलतो.

त्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात चार दिवे होते. चारही भाऊजींनी सील केले. जुनं रबर खरवडलं, नवी रिंग बसवली, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळले. ड्रिल माझ्याकडे होतं. ओल्या फरशीवर ते सुरू केलं की पंपाच्या खोलीतला सेफ्टी ब्रेकर पडायचा. पाचव्यांदा पडला तेव्हा मी त्याला वळसा घालून एक वायर जोडली. कुणाला शॉक लागला तर वीज तोडायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. मी त्याला सुट्टी दिली आणि विसरलो.

तलाव भरला. भाऊजी गळ्याइतक्या पाण्यात चौथ्या दिव्यापाशी उभे राहिले. बटण व्हरांड्यात, मालकीणबाईंच्या हाताशी. काठावर ड्रिलची केबल गुंडाळताना मला ती वायर आठवली.

"भाऊजी, बाहेर या."

"का?"

कबूल करायची लाज वाटली. "या ना जरा."

"या नाटक्याला रोज नवीन सुचतं," ते मालकीणबाईंना म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मागच्या दोन्ही तलावांत मी शॉक लागल्यासारखं थरथरून दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी जीभही बाहेर काढली होती. तेव्हा भाऊजींनी मला वाचवायला मोबाइलसकट उडी मारली होती.

"ब्रेकर चालत नाहीये. मी वायर जोडलीय. आईशप्पथ."

"त्यांना मध्ये आणू नकोस. सासूबाई आहेत त्या माझ्या."

मालकीणबाई हसल्या. मी पंपाच्या खोलीकडे धावलो. माझं धावणंही म्हणे विनोदी दिसतं.

"दाबा हो बाई," मागून आवाज आला.

खोलीच्या दारावर निळा उजेड पडला. मी मेन स्विच पाडला आणि परत आलो. भाऊजी पालथे तरंगत होते. त्यांनी आयुष्यात कधी नाटक केलं नव्हतं, त्यामुळे मला लगेच कळलं.

पुढे तो चौथा दिवा उघडला, तेव्हा रिंगखाली वाळूचा एक कण सापडला; तेवढ्या फटीतून पाणी आत शिरलं होतं. भाऊजींची चूक तेवढीच. बाकीची माझी.

हॉस्पिटलमधून मी थेट ताईकडे गेलो. दार तिनंच उघडलं.

"त्यांच्या चपला तुझ्या हातात कशा?"

मी सांगितलं. सगळं, वायरसकट. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी कधी हसतोय याची वाट पाहत. मग माझ्या खांद्यावरून जिन्यात डोकावली.

"पुरे झालं आता," ती खाली वाकून म्हणाली. "बाहेर या. चहा गार होतोय."

आम्ही दोघंही जिन्याकडे बघत उभे राहिलो.