एकसारखे तीन स्वेटर

"एकसारखे तीन? एवढे लाड कशाला गं?" दांडीवरचे पिवळे स्वेटर सरकवत मार्नीने विचारलं. दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला डोनट होता.

"तो आधी बाहेर ठेवून ये. कपड्यांच्या खोलीत खायचं नाही, हे सांगून माझी जीभ झिजली," ऑगस्टा म्हणाली.

कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या त्या टीव्ही स्टुडिओत ऑगस्टा तीस वर्षं कपडे सांभाळत होती. मार्नी होल्कम तिथे आली ती सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिथल्या एका मालिकेतल्या डॉक्टरच्या धाकट्या मुलीची, पेगची, भूमिका तिला मिळाली. तेव्हापासून अकरा वर्षं ती पेगच होती. तिने गणितं सोडवली ती याच इस्त्रीच्या टेबलाखाली बसून. मालिकेच्या दर नव्या मोसमात ऑगस्टा तिच्या बाह्यांची दुमड उसवून लांबी वाढवायची.

"सांग ना, तीन का?"

"काल आल्यासारखं काय विचारतेस? एक माखला तर दुसरा, दुसरा माखला तर तिसरा. रक्ताचा डाग तिथल्या तिथे निघतो होय—"

ऑगस्टा थांबली. मार्नीचा हात स्वेटरवर तसाच राहिला होता.

"कुणाचं रक्त?"

"पोरी... तुला फोन नाही आला?"

त्या धंद्यात रीतच होती. कुणाचं पात्र मरणार असलं, की मुख्य लेखक त्याला आधी स्वतः फोन करायचा. त्या फोनला सगळे भ्यायचे, पण तो यायचा. ऑगस्टाला वाटलं होतं, पोरीला कळलंय, म्हणूनच ती सकाळपासून जास्त हसतेय.

"संहितेची शेवटची पानं गुपित आहेत, सेटवर देऊ म्हणाले," मार्नी हळूच बोलली. "आणि मला केस वाढवायला सांगितलेत. पुढच्या मोसमासाठी."

ऑगस्टाला कळून चुकलं. जे कुणीच सांगितलं नाही, ते आपल्या तोंडून गेलं.

तेवढ्यात सहायक दिग्दर्शक डग दारात आला. "मार्नी, चल, पाच मिनिटं." मग त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. "अरे देवा. तुला कुणी... आम्हाला वाटलं, लेखकांनी सांगितलं असेल."

"त्यांना वाटलं असेल, तुम्ही सांगितलंत," ऑगस्टा कडाडली. "माणसं आहात का फर्निचर?"

"राहू दे गं," मार्नी म्हणाली. "डग, कशी मरते मी?"

"जिन्यावर. गोळी लागून. तीनदा घेऊ म्हणतायत."

"एकदाच होईल."

एकदाच झालं. पेग जिन्यावरून घसरत खाली आली, आणि 'कट' म्हणायचं दिग्दर्शकाला काही क्षण सुचलंच नाही. मग टाळ्या वाजल्या. निरोपाचा केक आणायचं मात्र कुणालाच आठवलं नव्हतं.

मार्नी परत आली. दोन कोरे स्वेटर दांडीवर तसेच होते. तिने लाल झालेला अंगातून काढला.

"टाक तो बादलीत," ऑगस्टा म्हणाली. "आता कुणाला लागतोय?"

मार्नीने ऐकलं नाही. स्वेटर हँगरवर चढवला, खांदे सारखे केले आणि घसरू नये म्हणून गळ्याचं बटण लावलं. ती सात वर्षांची असताना ऑगस्टाने तिला शिकवलं होतं, अगदी तसं.